श्रोत्यांची भाषा कीं श्रोत्यांची सोय ?

धर्मोपदेशकानें आपला उपदेश श्रोत्यांच्या मानानें कोठवर बदलावा, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळांत जितका जुना आहे तितकाच तो अद्यापि वादग्रस्त आहे. एक पक्ष म्हणतो, शास्त्रांत जें आहे तें जसेंच्या तसें सांगावें. श्रोत्यास रुचो वा न रुचो. दुसरा पक्ष म्हणतो, श्रोत्याच्या गळीं उतरेल अशाच रूपानें तें सांगितलें पाहिजे. नाहीं तर तें भिंतीस सांगितल्यासारखें होईल. वरवर पाहतां हा वाद पाद्र्यांपुरता दिसतो, आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असें वाटेल कीं, चर्चच्या आंतील या भांडणाशीं आपणांस काय कर्तव्य आहे ? परंतु जो कोणी चार लोकांपुढें उभा राहून त्यांस कांहीं नवें व अप्रिय सांगूं इच्छितो, मग तो कीर्तनकार असो, समाजसुधारक असो किंवा वर्तमानपत्राचा लेखक असो, त्या प्रत्येकापुढें हाच प्रश्न उभा राहतो. ख्रिस्ती उपदेशकांनीं या देशांत गेल्या चारशें वर्षांत या बाबतींत जे प्रयोग केले, त्यांचे बरेवाईट परिणाम आतां सर्वांच्या डोळ्यांपुढें आहेत. म्हणून ते प्रयोग सर्वांनींच लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत.

आमचें मत आम्ही प्रारंभींच सांगून टाकतों. भाषा, दृष्टांत, छंद, चाल, बसण्याउठण्याची रीत हीं सर्व श्रोत्यांचींच असावीं. यांत उपदेशकानें जितकें नमावें तितकें थोडें. परंतु श्रोत्यांच्या सोयीसाठीं उपदेशांतील न्याय मात्र तिळभरही नमूं देऊं नये. जो व्यापारी गुजराथी गिऱ्हाइकाशीं गुजराथींत व कानडी गिऱ्हाइकाशीं कानडींत बोलतो, तो शहाणा होय. पण जो गिऱ्हाईक पाहून वजन बदलतो, तो लबाड होय. बाजारांत हा भेद शेंबडें पोरही जाणतें. व्यासपीठावर मात्र भलेभले तो विसरतात, आणि वजन बदलण्यालाच लोकांशीं मिळून घेणें असें गोंडस नांव देतात.

प्रथम पहिल्या भागाचा विचार करूं. श्रोता पाहून बोलणें ही ख्रिस्ती धर्मांत बाहेरून शिरलेली गोष्ट नव्हे. ती त्यांच्या मूळ ग्रंथांतच आहे. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकांत पौलाचीं जीं भाषणें दिलेलीं आहेत, त्यांपैकीं तीन पाहा. पिसिदियांतील अंत्युखिया नगरीं यहुदी लोकांच्या सभास्थानांत तो बोलला, तेव्हां त्यानें इस्राएल लोकांच्या पूर्वेतिहासापासून आरंभ केला. लुस्त्र येथील भोळ्या जनसमूहापुढें त्यानें इतिहासाचें नांवही काढिलें नाहीं; पाऊस, पीकपाणी व पोटभर अन्न यांचा दाता कोण, एवढेंच त्यानें सांगितलें. आणि अथेन्सच्या विद्वानांपुढें उभा राहिला तेव्हां अज्ञात देवास वाहिलेली त्यांचीच वेदी व त्यांच्याच कवींचीं वचनें यांवरून त्यानें आपलें बोलणें उभारिलें. एकच उपदेशक, एकच सांगणें, पण तीन ठिकाणीं तीन दरवाजे. मात्र अथेन्सच्या प्रसंगांतील शेवटची गोष्ट विसरूं नये. त्या विद्वानांस जी गोष्ट हास्यास्पद वाटणार हें उघड होतें, ती मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची गोष्ट पौलानें वगळली नाहीं. कित्येक हंसले, कित्येक पुन्हां केव्हां तरी ऐकूं असें म्हणून उठून गेले. दरवाजा त्यांचा घेतला, पण त्यांतून आणिलेला माल स्वतःचाच होता.

आमच्या महाराष्ट्राशीं व गोव्याशीं निगडित असा या रीतीचा सर्वांत मोठा मासला म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण. हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं तेथेंच वारला. मध्यंतरींचीं सुमारें ४० वर्षें बहुतेक साष्टी प्रांतांत गेलीं. तेथील नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें राज्यकर्त्यांनीं बंद केलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं त्यांच्या मनाला धरील असें कांहींच दिलें नव्हतें. ती उणीव स्टीफन्स यांनीं ओळखिली, आणि सुमारें ११,००० ओंव्यांचा ग्रंथ मराठींत रचिला. १६१६ सालीं तो रायतूर येथें छापला गेला. लिपि रोमन, पण भाषा, छंद व थाट सर्व मराठी पुराणांचा. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ म्हटलें, आणि ग्रंथारंभीं मराठी भाषेची जी थोरवी गायिली ती आज आमच्या शाळांतील मुलांसही ठाऊक आहे. परदेशांतून आलेल्या मनुष्यानें श्रोत्यांची भाषा नुसती शिकावी एवढेंच नव्हे, तर तिच्यावर प्रेम करावें, याहून मोठा आदर श्रोत्यांस दुसरा कोणता दाखवितां येईल ?

याच्या उलट काय होतें तेंही गोव्यानेंच पाहिलें. स्टीफन्स यांच्यामागें ७० वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच, १६८४ सालीं, पोर्तुगीज व्हाइसरॉयानें हुकूम काढिला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. ज्यास श्रोत्यांची भाषा शिकण्याचा कंटाळा येतो, तो शेवटीं श्रोत्यांनींच आपली भाषा शिकावी असा हुकूम काढतो. हुकुमानें भाषा मेली नाहीं. कोंकणी आजही गोव्याच्या घराघरांत जिवंत आहे. परंतु उपदेशक व लोक यांच्यामध्यें जें अंतर पडलें, तें अशा हुकुमांनीं वाढतें, हें सांगावयास नकोच.

यावर शुद्धतेच्या अभिमान्यांचा एक आक्षेप असतो, व तो अगदींच टाकाऊ नाहीं. ते म्हणतात, वैकुंठ हा शब्द विष्णूच्या लोकाचा; मुक्ति व अवतार हे शब्द हिंदु तत्त्वज्ञानाचे. हे शब्द घेतले म्हणजे त्यांच्या मागोमाग जुने अर्थही येतात, आणि श्रोता जुनेंच ऐकून नवें ऐकिल्याचा भ्रम घेऊन घरीं जातो. परंतु कोरा शब्द जगांत आहे कोठें ? ज्या ग्रीक भाषेंत नवा करार लिहिला गेला, तिच्यांतील देव हा शब्द आधीं ग्रीकांच्या देवदेवतांचाच होता. आणि योहानानें आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीं जो शब्द हा शब्द योजिला, तो ग्रीक तत्त्ववेत्त्यांच्या बाजारांत शतकानुशतकें चाललेलें नाणें होतें. वापरलेलीं भांडीं घासून पुसून घ्यावीं लागतात. भांडें वापरलेलें आहे म्हणून कोणी उपाशी राहत नाहीं. शब्द श्रोत्यांचा घ्यावा, आणि त्यांत आपण काय भरतों तें उघडपणें सांगावें, एवढेंच काय तें पथ्य आहे.

उघडपणें, हा शब्द आम्हीं जाणूनबुजून घातला आहे. कारण येथें पहिली मर्यादा येते, व ती प्रामाणिकपणाची आहे. श्रोत्याचा वेष घेणें निराळें, आणि वेषांतर करून श्रोत्यास फसविणें निराळें. अठराव्या शतकांत एझूर्वेदम् नांवाचा एक फ्रेंच ग्रंथ युरोपांत गेला. त्यांत वेदाच्या नांवावर एकेश्वरी मताचें मंडन व मूर्तिपूजेचें खंडन होतें. व्होल्टेअरसारखा चिकित्सक पंडितही त्यास भुलला, आणि हा पुरातन भारतीय ग्रंथ आहे असें समजून १७६० च्या सुमारास त्यानें त्याचा गौरव केला. १७८२ सालीं सोनेरा नामक फ्रेंच प्रवाशानें तो वेद नव्हे असें जाहीर केलें, आणि पुढील संशोधकांनीं तो पाँडिचेरीकडील जेझुइट मंडळींच्याच वर्तुळांतून निघालेला ठरविला. तो लिहिणाराचा हेतु युरोपास फसविण्याचा नसेलही. परंतु दुसऱ्याच्या पूज्य ग्रंथाचें नांव आपल्या मतावर चिकटविण्याचा परिणाम असा होतो कीं, पुढें खरें बोललें तरी लोक त्यावर विश्वास ठेवीत नाहींत. आमच्या देशांत मिशनऱ्यांविषयीं जो संशय दिसतो, त्याचें एक मूळ येथें आहे, हें त्यांनींही मान्य केलें पाहिजे.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे, व तिच्याविषयींच आम्हांस मुख्यतः लिहावयाचें आहे. ती न्यायाची. तिचा विचार करतांना मदुरेच्या रॉबर्टो द नोबिली यांची हकीकत सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. हे इटालियन जेझुइट १६०५ सालीं हिंदुस्थानांत आले व पुढील वर्षीं मदुरेस पोंचले. तेथें गोन्सालो फर्नांडिस हे वृद्ध पोर्तुगीज मिशनरी पुष्कळ वर्षें परवा जातीच्या ख्रिस्ती कोळ्यांत काम करीत होते. परंतु उच्च वर्णांतील एकही मनुष्य त्यांच्याकडे फिरकला नव्हता. कारण ख्रिस्ती होणें म्हणजे परंगी, म्हणजे फिरंगी होणें, अशीच लोकांची समजूत होती. नोबिली यांनीं तमिळ, तेलुगू व संस्कृत यांचा अभ्यास केला, मांसमद्य सोडिलें, संन्याशाचीं वस्त्रें घेतलीं, आपण परंगी नव्हें असें सांगितलें. ब्राह्मण त्यांच्याशीं वाद करावयास येऊं लागले व कांहीं ख्रिस्तीही झाले. भाषा व विद्या यांच्या बाबतींत त्यांचे श्रम अलौकिक होते, आणि लोकांच्या चालीरीति टाकावयास न लावितां त्यांना धर्म सांगतां येतो, हें त्यांनीं दाखविलें, हा त्यांचा मोठेपणा आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

परंतु हें सर्व साधण्याकरितां त्यांनीं एक किंमत दिली, आणि ती स्वतःच्या पदरची दिली नाहीं. फर्नांडिस यांच्यापासून व त्यांच्या कोळी ख्रिस्त्यांपासून ते वेगळे राहिले. निराळें घर, निराळा स्वयंपाक, निराळें मंदिर. १६२३ सालीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं शेंडी, जानवें, चंदन व स्नान यांस परवानगी दिली. त्याच पत्रांत उच्च कुळांतील नवख्रिस्त्यांनीं खालच्या जातीच्या बंधूंचा तिरस्कार करूं नये असाही उपदेश होता. परवानगी तेवढी पाळली गेली, उपदेश कागदावर राहिला. १६४० च्या सुमारास खालच्या जातींकरितां पंडारस्वामी म्हणून निराळ्या मिशनऱ्यांचा वर्गच निघाला. अखेर १७०४ सालीं पोपचे वकील तूर्नों यांस पाँडिचेरी येथें हुकूम काढून सांगावें लागलें कीं, आजारी पडलेल्या परिया ख्रिस्त्याच्या घरीं जाण्यास मिशनऱ्यांनीं कुचराई करूं नये. मरणाऱ्या मनुष्याच्या उशाशीं धर्मगुरूनें जावें, हें सांगण्यास जेथें पोपच्या वकिलाचा हुकूम लागतो, तेथें श्रोत्यांशीं मिळून घेण्याची रीत कोणत्या थरास गेली होती, हें वाचकांनींच ठरवावें.

कोणी म्हणेल, हा कॅथोलिकांचा दोष. प्रॉटेस्टंटांचा मार्ग निराळा. तसें म्हणावयासही जागा नाहीं. तंजावरचे वेदनायकम् शास्त्री यांचें नांव तमिळ ख्रिस्ती वाङ्मयांत अग्रगण्य आहे. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचे ते शिष्य. तंजावरच्या मराठी गादीवरील सरफोजी राजे हेही श्वार्ट्झच्याच देखरेखीखालीं वाढलेले. त्यांनीं या कवीस आश्रय दिला. त्यांचें बेथलेहेम कुरवंजि हें काव्य लोकांच्या नाट्यगीताच्या साच्यांत ख्रिस्तकथा ओतण्याचा उत्तम नमुना मानितात. श्रोत्यांच्या आवडीचें रूप घेण्यांत त्यांची बरोबरी करणारे थोडेच. परंतु चर्चमध्यें सर्व जातींनीं एकत्र बसावें व एकाच पेल्यांतून प्रसाद घ्यावा, असा आग्रह नव्या मिशनऱ्यांनीं धरला, तेव्हां त्याविरुद्ध लेखणी उचलणारांत हेच वेदनायकम् पुढें होते. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं ख्रिस्ती मंडळांतून जातिभेद ताबडतोब गेला पाहिजे असें फर्माविलें, तों तंजावराकडील कित्येकांनीं मंदिरास जाणेंच सोडिलें. म्हणजे गाणें देशी झालें, राग देशी झाला, कथा देशी झाली. आणि या सर्वांच्या आडून जात जशीच्या तशी आंत जाऊन बसली.

येथें व्यवहारी लोकांचा आक्षेप येतो. ते म्हणतात, पहिल्याच दिवशीं जातीवर घाव घातला, तर दिवाणखाना रिकामा होईल. मग उपदेश ऐकणार कोण? आधीं लोक येऊं द्या, मग हळूहळू सांगूं. या म्हणण्यांत जें खरें आहे तें आम्हांस नाकारावयाचें नाहीं. क्रम बदलण्याची मुभा प्रत्येक शिक्षकास आहे. मुलास उजळणीच्या आधीं त्रैराशिक कोणी शिकवीत नाहीं. परंतु त्रैराशिक पुढें शिकवूं म्हणून आज दोन आणि दोन पांच असेंही कोणी शिकवीत नाहीं. बोलण्यास विलंब लावणें वेगळें, आणि आपल्या वागण्यानें उलट शिकवणें वेगळें. ज्या मंदिरांत दोन दरवाजे, दोन आसनें व दोन पेले आहेत, तेथें व्यासपीठावरून कोणतेंही प्रवचन झालें नाहीं तरी रोज एक प्रवचन होतच असतें, आणि तें मुलांसही समजतें. मदुरेस हळूहळू म्हणतां म्हणतां शंभर वर्षें गेलीं. शंभर वर्षांनीं भेद कमी झाला नव्हता, त्याची घडी बसली होती.

श्रोत्यांच्या मानानें उपदेश बदलणें, या शब्दांत एक फसवणूक दडलेली असते, ती कशी हें वेस्ट इंडीजच्या एका उदाहरणानें उत्तम दिसतें. १८०७ सालीं लंडन येथें एक बायबल छापण्यांत आलें. वेस्ट इंडीज बेटांतील निग्रो गुलामांच्या उपयोगाकरितां निवडलेले भाग, असें त्याच्या मुखपृष्ठावर स्पष्ट लिहिलें होतें. बायबलाच्या १,१८९ अध्यायांपैकीं त्यांत अवघे २३२ ठेविले होते. मिसरच्या दास्यांतून इस्राएल लोक सुटले, तो निर्गमाचा वृत्तांत त्यांतून काढून टाकिला होता. दासांनीं धन्याच्या आज्ञेंत राहावें, हीं वचनें मात्र शाबूत ठेविलीं होतीं. आतां हें पुस्तक कोणाच्या मानानें बदललें ? गुलामांच्या म्हणावें, तर गुलामास निर्गमाहून जवळची गोष्ट दुसरी कोणती ? तें बदललें मळेवाल्यांच्या मानानें, जे त्या प्रवचनास समोर बसतही नव्हते. म्हणून आम्ही म्हणतों कीं, उपदेश श्रोत्यांस अनुसरून आहे असें कोणी सांगूं लागला, म्हणजे प्रथम विचारावें, कोणत्या श्रोत्यांस ? समोर बसलेल्यांस, कीं मागें उभे असलेल्या धन्यांस ?

मदुरेस काय, तंजावरास काय, हाच प्रकार झाला. तेथेंही श्रोते दोन प्रकारचे होते. एक पुढें बसणारे व दुसरे बाहेर उभे राहणारे. उपदेशकांनीं श्रोत्यांच्या भावना दुखवूं नयेत असें ठरविलें, तेव्हां भावना या शब्दानें त्यांनीं पहिल्यांच्याच भावना मोजल्या. बाहेर उभ्या असलेल्या मनुष्यासही कांहीं भावना असतील, हें कोणाच्या हिशेबीं आलें नाहीं. दुर्बळ श्रोत्याची गैरसोय करून प्रबळ श्रोत्याची सोय पाहणें, यास रसिकता म्हणतां येत नाहीं. त्यास पक्षपातच म्हटलें पाहिजे.

मग श्रोत्यांच्या हृदयास भिडणारें रूप आणि न्यायाचा आग्रह हीं एकत्र नांदूं शकत नाहींत कीं काय ? शकतात, आणि त्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोंकणांतील ब्राह्मण. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आधींही अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्तकथा कीर्तनाच्या थाटानें लोकांपुढें मांडिली होती. टिळकांनीं तीच परंपरा पुढें नेऊन अभंग व कीर्तनें यांच्या द्वारें मराठी ख्रिस्ती मंडळास स्वतःचा कंठ दिला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत, व त्यांत त्यांस कमीपणा वाटत नसे. १९१७ सालीं मिशनचा पगारही त्यांनीं सोडिला आणि देवाच्या दरबाराची कल्पना मांडिली. याहून अधिक देशी होणें शक्य नव्हतें. तरीपण ज्या मंडळींत त्यांनीं आपलें आयुष्य घालविलें, ती अहमदनगर-राहुरीकडील मंडळी बहुतेक महार-मांग समाजांतून आलेली होती. तिच्यापासून वेगळें असें ब्राह्मण ख्रिस्त्यांचें सोंवळें मंदिर त्यांनीं काढिलें नाहीं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं स्वतःचें सोंवळें-ओंवळें कसें गळून पडलें, तें स्मृतिचित्रांत स्वच्छ लिहून ठेविलें आहे. नोबिली यांनीं संन्याशाचें वस्त्र घेतलें व टिळकांनीं कीर्तनकाराची चिपळी घेतली. दोघेही लोकांत मिसळले. भेद इतकाच कीं, एकानें मिसळण्याकरितां कांहीं माणसांस दूर ठेविलें, दुसऱ्यानें तसें केलें नाहीं. हा भेद लहान नव्हे.

श्रोत्यांच्या ओळखीचें रूप कशाकरितां घ्यावयाचें, याचा उत्तम धडा बायबलांतीलच नाथान संदेष्ट्याच्या कथेंत आहे. दावीद राजानें आपल्या एका सैनिकाची बायको हरण केली व त्यास युद्धांत मारविलें. नाथान त्यास बोल लावावयास गेला. दावीद पूर्वीं मेंढपाळ होता. म्हणून नाथानानें त्यास एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढरीची गोष्ट सांगितली. ती मेंढरी एका श्रीमंतानें पाहुण्यासाठीं हिसकावून नेली. मेंढपाळाचें मन तें. राजा संतापला व तो श्रीमंत मनुष्य देहान्तास पात्र आहे असें बोलून गेला. तेव्हां नाथानानें त्यास सांगितलें कीं, तो मनुष्य दुसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे. श्रोत्यास अनुसरणें याची पराकाष्ठा ही. आणि ती श्रोत्यास सुख देण्यासाठीं केलेली नाहीं, त्याला पळून जाण्यास वाट उरूं नये म्हणून केलेली आहे. परकी भाषा बोलणाऱ्या उपदेशकापासून श्रोत्यास सुटतां येतें. तो म्हणतो, हें आपल्याविषयीं नव्हे. स्वतःच्या भाषेंत, स्वतःच्या धंद्याच्या दृष्टांतानें सांगितलेला दोष मात्र टाळतां येत नाहीं. देशी भाषेचा खरा उपयोग हाच होय.

भाषेच्या अर्ध्या कामांत आज पुष्कळ प्रगति झाली आहे, हें सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. दुसऱ्या व्हॅटिकन सभेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस मोकळीक दिली, आणि शतकानुशतकें लॅटिनमध्यें चाललेला मिस्सा वसईच्या शेतकऱ्यास मराठींत ऐकूं येऊं लागला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें सुबोध बायबल २०१० सालीं निघालें, त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि २०२० सालीं उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद या कॅथोलिक धर्मगुरूस मिळालें. स्टीफन्स यांच्या मराठीप्रेमाचें उसनें महाराष्ट्रानें चारशें वर्षांनीं फेडिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु न्यायाचें अर्धें काम तसेंच पडलें आहे. तमिळनाडूंतील कांहीं गांवांत ख्रिस्ती दलितांचीं प्रेतें आजही निराळ्या जागीं पुरावीं लागतात. क्वचित् एकाच स्मशानभूमींत मध्यें भिंत घातलेली आहे. भारतांतील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनें २०१६ सालीं दलित सक्षमीकरणाचें धोरण प्रसिद्ध करून चर्चमधील जातिभेदाचा दोष उघडपणें कबूल केला, हें तिला भूषणावह आहे. कबुलीनें भिंत पडत नाहीं हें खरें. पण कबुलीवांचून ती कधींच पडत नाहीं हेंही खरें. आज त्या गांवीं जाऊन प्रवचन करणाऱ्या पाद्र्याची कसोटी ती भिंत आहे. त्यानें कितीही रसाळ तमिळ बोललें, कुरवंजीच्या चालीवर कितीही गोड गायिलें, आणि त्या भिंतीविषयीं मौन धरिलें, तर त्याचें देशीपण पुढें बसणाऱ्यांच्या सेवेस लागलें असेंच म्हटलें पाहिजे.

आमच्या हिंदु वाचकांनीं हें वाचून दुसऱ्याच्या घरचा केर पाहिल्याचें समाधान मानूं नये. तो केर तेथें गेला कोठून ? आमच्याच अंगणांतून. आणि जी कसोटी पाद्र्यास, तीच आमच्या कीर्तनकारास, पुराणिकास व पुढाऱ्यास. सावकाराच्या ओसरीवर कथा असली कीं व्याजाविषयीं बोलावयाचें नाहीं, ज्याच्या देणगीवर सप्ताह उभा आहे त्याच्या विहिरीवर कोणास मज्जाव आहे हें विचारावयाचें नाहीं, ही रीत कोणत्या एका धर्माची नाहीं. आणि यांत सारा दोष उपदेशकांच्याच माथीं मारणेंही योग्य नव्हे. श्रोते ज्यास बिदागी देतात, तेंच पुन्हां ऐकूं येतें. आमच्या गांवोगांवच्या व्यापारी गृहस्थांनीं, जे अशा कार्यांस सढळ हातानें मदत करतात, एवढा नियम केला तरी पुष्कळ होईल कीं, ज्या उपदेशकाच्या बोलण्यानें आपल्याच वागणुकीस वर्षांत एकदांही धक्का बसला नाहीं, त्यास पुढील वर्षीं बोलावूं नये.

सारांश, उपदेशकानें श्रोत्यांपाशीं जावें, त्यांच्या भाषेंत बोलावें, त्यांच्या गाण्यांत गावें, त्यांच्या शेतांतले व दुकानांतले दृष्टांत घ्यावे. आणि मग तीन गोष्टी स्वतःस विचाराव्या. आपण कोण व काय सांगतों हें आपण लपविलें काय ? जें सर्वांत कडू होतें तें वगळलें काय ? आणि आपल्या गोड बोलण्याकरितां कोणास बाहेर उभें केलें काय ? या तिन्हींचें उत्तर नाहीं असें असेल, तर त्यानें श्रोत्यांस हवें तितकें अनुसरावें. त्यास कोणी दोष देणार नाहीं. परंतु एकाचेंही उत्तर होय असें असेल, तर त्याची भाषा कितीही शुद्ध असली तरी वजन खोटें आहे, आणि खोट्या वजनाचा व्यवहार किती दिवस चालतो, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास पाहिजे असें नाहीं.